झिंदरहून परत आलेला साचा

विणून झालेली शाशिया टोपी डोक्याच्या दुप्पट असते. पांढरी, ढगळ, घोड्याच्या तोबऱ्यासारखी. अल-बतानच्या गिरणीत नदीच्या पाण्यात साबण लावून तिला कुटतात. कुटता कुटता ती आटते, घट्ट होते, डोक्याएवढी होते. मग लाल रंग.

*

कानोच्या बाजारात एका कांदेवाल्याने भावाची पाटी लिहिणं सोडून दिलं आहे. सकाळी लिहिलेलं दुपारी पुसावं लागतं, आणि खडूही महाग झाला आहे.

*

बेनगाझीत एका कपाटात दिनारांच्या गड्ड्या आहेत. ज्याच्याकडे आहेत त्याला त्या द्यायच्या आहेत. ज्यांना मिळायच्या त्यांना त्या हव्या आहेत. कपाट तीन वर्षं जागचं हललेलं नाही.

*

अरियानात चार सुया एका खिडकीत पडून आहेत. टोप्या विणणाऱ्या सालिहाने त्या मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून उंचावर ठेवल्या. लोकर आली की खाली काढणार.

*

मार्सेयच्या गोदीत लोकरीच्या गासड्या. वर काळ्या रंगात लिहिलंय, ट्युनिस. खोडून दुसरं गाव लिहायला फार रंग लागणार नाही.

*

झिंदरमध्ये एका म्हाताऱ्याच्या घरी खोका उघडला गेला. आत त्याचं स्वतःचं डोकं होतं.

दिनार, इथला

मुलूखिया पहाटेपासून चुलीवर होती. काळपट हिरवी, तेलाचा तवंग वर आलेली. झुबैदाने मुलूखिया टाकली म्हणजे घरात काहीतरी ठरणार, हे महर्झियाला ठाऊक होतं. नवं वर्ष असो, सुंता असो, सूक अल-अहरासचा मळा विकणं असो, या भावजयीने दर वेळी हेच शिजवलं होतं.

"काय ठरलंय?" महर्झियाने विचारलं.

"कुठे काय? पाव काप."

"हसूना?"

"दाढी करतायत."

रविवारी दाढी. महर्झियाने सुरी खाली ठेवली. चुलीकडची भिंत, भिंतीवरची टाइल, टाइलवरचा तडा, सगळं तिने एकदा नीट बघून घेतलं आणि अंगणात गेली.

हसूना मोरीशी उभा होता, एक गाल साबणाने पांढरा. बहीण दिसताच त्याने आरशात बघत राहणं पसंत केलं.

"नूरी येणारे," तो आरशाला म्हणाला. "असरच्या नमाजानंतर."

"कॅफेवाला नूरी?"

"आता चार आहेत त्याचे."

"पाचवा आमच्या दुकानात."

"आपल्या."

"दुकानात बसते मी, म्हणून आमच्या म्हटलं. तू सही करतोस म्हणून आपल्या म्हण."

"महर्झिया, ओरडू नकोस."

"मी ओरडले?"

ती खरंच ओरडली नव्हती. हेच हसूनाला जड गेलं. त्याने तोंड धुतलं आणि टॉवेलमधून बोलला, म्हणजे तोंड दिसायला नको.

"लोकर नाही. लोकर नाही तर अरियानातल्या बायका कारखान्यात शर्ट शिवायला जातील, आणि गेल्या की परत येत नाहीत. मार्सेयचा लोकरवाला फ्रँक मागतो. बँक म्हणते, जेवढे फ्रँक कमावून आणाल तेवढेच बाहेर धाडा. आपण काय कमावलं? नायरा. मी बँकेत कानोचा नायरा म्हटलं तर काउंटरवरच्या पोराने शेजारच्याला बोलावलं. दोघं मिळून हसले."

"पूर्वी देत होते की नायरावर फ्रँक."

"पूर्वी!"

वडिलांच्या पश्चात या घरातली चलनं महर्झियाच सांभाळत होती. कुणी नेमलं नव्हतं. वडील तिला लहानपणी अल-बतानला घेऊन जायचे, पाण्यात टाकायच्या टोप्या दाखवून विचारायचे, ही किती आटेल? तिने सांगितलं की वाट बघायची. हळूहळू तिला लोकर बघूनच कळायला लागलं. पुढे वडिलांनी पैसाही तसाच दाखवला. लिबियाचा दिनार कमी आटतो पण पाण्यातून बाहेर येत नाही. नायरा आटतो, म्हणून कानोला भाव सांगताना ढगळ सांगायचा. कुठलाच पैसा वाईट नसतो, तो किती आटेल ते आधी ओळखून विणावं लागतं, इतकंच. एवढ्यावर तिने हे दुकान चालवलं. पण गेल्या दोन वर्षांत नायरा असा आटला की बाहुलीच्याही डोक्यावर बसू नये. तेवढं ढगळ कुणी विणतच नाही.

"अम्मती, मी जानेवारीत सांगितलं होतं," जिन्यातून आत्याशी बोलत स्कंदर उतरला. हसूनाचा मुलगा, लिऑनहून व्यापाराची पदवी घेऊन आलेला, गेल्या वर्षापासून दुकानात. "एकच चलन. फ्रँक द्या, टोपी न्या. प्रत्येकाला पत्र गेलं."

"आणि उत्तरं?"

"कानोहून नाही आलं."

"बेनगाझीहून?"

स्कंदरने मान खाजवली. "दिनार तयार आहेत, येऊन घेऊन जा."

"बघ. लिबियाची सरहद्द उघडलीय ना आता?"

"माणसांसाठी, अम्मती. दिनार तिथेच थांबतात."

"म्हणजे तुझ्या पत्राने एक फ्रँक आला नाही."

"आणि तुझ्या नायराने?"

"झालं?" स्वयंपाकघरातून झुबैदा. "भांडून घ्या पोटभर, म्हणजे जेवण वाचेल."

झुबैदाचा कौल मुलाकडे होता. महर्झियाला तो चुलीच्या धगीसारखा न बघताही कळत होता. तिघं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ती, आणि बंद दुकानातल्या फळ्यांवर रांगेत बसलेले परदेशी गिऱ्हाइकांच्या मापाचे टोपीचे साचे, लाकडी, गुळगुळीत, प्रत्येक डोकं वेगळं.

तेवढ्यात दार वाजलं.

"नूरी इतक्या लवकर?" हसूनाने शर्टाच्या गुंड्या चाचपल्या.

नायरा

स्कंदरने दार उघडलं आणि आधी त्याला नुसता झगा दिसला, कारण माणूस इतका उंच होता की त्याचा चेहरा चौकटीच्या वर राहिला होता. मग तो वाकला. काळा, सुरकुतलेला, पांढऱ्या खुरट्या दाढीचा, निळा झगा धुऊन धुऊन आभाळाच्या रंगाला आलेला. डोक्यावर लाल टोपी होती, जुनी. पण स्कंदरच्याही नजरेला कळलं, ती आपलीच.

काखेत खोका होता.

"हे गर्नातींचं घर?" मशिदीत शिकलेल्या अरबीत, एकेक शब्द दगडासारखा मांडत त्याने विचारलं. "मी मयतीला आलो आहे."

"मयत? इथे कुणी... काका, तुम्ही चुकलात. कुणाची मयत?"

"माझी."

मागून महर्झिया आली. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघून हात छातीशी नेला, मग खोका उंबऱ्यावर ठेवला, झाकण काढलं. आत जुन्या वर्तमानपत्रांच्या चुरगाळ्यात एक साचा होता. पिवळसर लाकूड, वर निमुळता, कानांशी जरा दबलेला.

स्कंदरला वाटलं, बरं झालं, त्यांना पोचला. मग त्याने आत्याचा चेहरा पाहिला.

"हा कुणी पाठवला?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मी," स्कंदर म्हणाला. "खातं बंद केलं तेव्हा. त्यांची वस्तू होती, म्हणून पत्राबरोबर... टपालखर्चही आपणच भरला, अम्मती. मी म्हटलं, व्यवस्थित करावं."

"या अल्ला," महर्झिया म्हणाली.

"काय झालं?"

"अरे, साचा गिऱ्हाईक वारल्यावर परत पाठवतात! मुलांकडे. मुलांना धंदा ठेवायचा असेल तर ती गोंड्याचा काळा दोरा बांधून तो परत धाडतात. नसेल तर ठेवून घेतात. आपला आजोबांच्या आजोबांपासूनचा रिवाज."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"माझ्या मोठ्या मुलाने खोका उघडला," म्हातारा म्हणाला, "आणि तो माझ्याकडे बघून रडू लागला. मी जेवत होतो. बायका ओरडल्या. शेजारी जमले. मी म्हटलं, अरे, मी आहे. ते म्हणाले, ट्युनिसवाल्यांना आपल्या आधी कळलं असेल." तो थांबला. "मी तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग मला राग आला. मग मी अगादेझची मोटार पकडली."

"वाळवंटातून?" स्कंदरने विचारलं.

"तमनरासेत, मग घर्दाया, मग रेल्वे. बरं झालं. बरेच लोक भेटले. मेलेल्या माणसाला सगळे जागा देतात."

महर्झियाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते पदरासारखं ओढून तोंडावर घेतलं. म्हाताऱ्यालाही हसू आलं. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. स्कंदर मात्र हसू शकला नाही. एका कागदावर टाइप केलेल्या ओळी एक माणूस वाळवंट ओलांडून परत द्यायला आला होता, हे त्याच्या डोक्यात बसेना. लिऑनमध्ये त्याला शिकवलं होतं की पत्र जातं आणि उत्तर येतं. उत्तर म्हणून माणूस येतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"झिंदरचे अलहाज तानिमू," महर्झिया घरात वळून मोठ्याने म्हणाली. "झुबैदा, एक ताट वाढव. मयतीचा पाहुणा आलाय."

सेफा

झुबैदाला पैशाच्या गोष्टींचा तिटकारा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात जेवताना ती दोन गोष्टी ऐकत आली होती, लोकर आणि दर. म्हणून तिने पाहुण्याच्या पुढ्यात मुलूखियाचा वाडगा ठेवला आणि मनाशी ठरवलं, आज याच्याशी मी बोलणार. नुसतं माणसासारखं.

अलहाजने पाव बुडवला, चाखला, डोळे मिटले.

"बाई, हे काय आहे?"

"मुलूखिया. पानं वाळवून पूड करायची, तेलात तासन्‌तास."

"माझी आई असंच करायची. गोरखचिंचेच्या पानांचं. हाच रंग. हाच चिकटपणा." त्याने आणखी घेतलं. "मला वाटलं, मी खरंच मेलो आणि बरोबर जागी पोचलो."

झुबैदा लाजली. पंचेचाळीस ओलांडल्यापासून तिला कुणी लाजवलं नव्हतं.

हसूना अस्वस्थ होता. सारखा घड्याळ बघत होता. पाहुण्याची माफी त्याने दारातच मागितली होती, मनापासून. पण नूरीही मनात होता.

"अलहाज, राग मानू नका," तो म्हणाला. "पोराने चूक केली. पण खातं तसंही... तुमची मागणी छोटी, आणि पैसे कानोहून यायचे, नायरात. आता नायरा..."

"माझे वडील कानोच्या सनूसींचे अडते होते," अलहाज म्हणाला. "टोप्या कानोला यायच्या, तिथून आम्हाला. पैसे आम्ही सनूसींना द्यायचो, ते तुम्हाला. तसं चालत आलं, तसं चाललं."

"तेच म्हणतो मी."

"म्हणजे आमच्याकडे झिंदर म्हणजे कानोची गल्ली," महर्झिया म्हणाली.

"गल्ली!" अलहाज खूश झाला, महर्झियाला मानाने लल्ला म्हणू लागला. "माझ्या आजोबांना हे आवडलं असतं. पण मध्ये सरहद्द आहे, लल्ला. इकडे इंग्रजांनी आखली, तिकडे फ्रेंचांनी."

"पण पोटापाण्याचं काय करता तिथे?" झुबैदाने मध्येच तोंड घातलं. सरहद्द आली की दर येणार, हे तिला माहीत होतं. "नुसत्या टोप्यांवर कसं भागतं? मुलं किती? सुना कशा आहेत?"

"सुना भांडखोर आहेत, अल्लाची कृपा. टोप्या सणापुरत्या. बाकी मी कापड आणि बाजरी कानोहून आणतो. स्वस्त मिळते. आणि थंडीत घोंगड्या, आणि मकरोना, ती लिबियाहून. ट्रक बेनगाझीहून कुफ्राला, कुफ्राहून आमच्याकडे. तिथलं सरकार मकरोना फुकटासारखी देतं. अगादेझची पोरं दुसरं काही खातच नाहीत आता."

"मकरोना वाळवंटात!" झुबैदा हसली. "आणि विकता कशाला? म्हणजे, कोणत्या पैशात?"

हा प्रश्न तिने का विचारला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. बहुधा इतकी वर्षं ऐकून ऐकून.

"सेफात," अलहाज म्हणाला. "आमच्याकडे सेफाच."

झुबैदाला दिसलं की नणंदेचा हात वाडग्यावर थांबला. पावाच्या तुकड्यावरून हिरवा थेंब ओघळला, पांढऱ्या चादरीवर पडला. झुबैदाच्या लग्नातली चादर. तरी ती काही बोलली नाही, कारण महर्झियाचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. दूर कुठेतरी आपलं नाव पुकारल्यासारखा.

"सेफा," महर्झिया म्हणाली. "फ्रेंचांचा."

"पन्नास सेफा, एक फ्रँक. माझ्या तरुणपणापासून तेच. ना वर ना खाली." अलहाजने खांदे उडवले. "तुमच्या पत्रात लिहिलं होतं, फ्रँक द्या. फ्रँक आहेत की माझ्याकडे! नियामेच्या बँकेतून मार्सेयला एका आठवड्यात जातात. ते मागितलेत त्याचं मला काही वाटलं नाही. मला मारलंत का, एवढंच विचारायला आलो."

हसूना घड्याळ बघायचं विसरला.

फ्रँक

स्कंदर नंतर म्हणायचा, तेव्हा मला कानात पाण्याचा आवाज आला. सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये फ्रँक असलेलं एकच गिऱ्हाईक होतं, आणि त्यालाच आपण मेलेला ठरवून मोकळे झालो होतो. पत्र बरोबर होतं. पत्ता बरोबर होता. खोका चुकला होता.

पण अम्मती अजून थांबली नव्हती. ती उठली आणि काही न बोलता बाहेर पडली. दुकान चार गल्ल्या पलीकडे, रविवारी बंद. ती परत आली तेव्हा दोन साचे कडेवर होते, जुळी पोरं आणावीत तसे. कानोचा, रुंद आणि बसका. बेनगाझीचा, उंच. तिने वाडगे बाजूला सारले आणि दोन्ही साचे चादरीवर ठेवले, मध्ये जागा सोडून.

"अलहाज, तुमचा द्या."

म्हाताऱ्याने आपला साचा उचलला आणि मधल्या जागेत ठेवला.

"कानोहून तुम्ही बाजरी आणि कापड घेता," ती म्हणाली. "कशाने?"

"नायराने. सेफा देऊन नायरा घ्यावे लागतात. सरहद्दीवरचे लोक चामडी सोलतात."

"सनूसींकडे आमचे नायरा पडलेत. दोन वर्षांचे. आम्हाला ते कुठे नेता येत नाहीत, काही घेता येत नाही. बेनगाझीहून घोंगड्या. कशाने?"

"दिनारने." आता अलहाजचाही आवाज उतरला. "दिनार मिळतच नाहीत. ट्रक अर्धे रिकामे येतात."

"बेनगाझीला हाज मिफ्ताहच्या कपाटात आमचे दिनार आहेत."

तिने बेनगाझीच्या साच्यावर हात ठेवला, मग कानोच्या. मग तिने दोन्ही हात उचलले, जणू ते तापले होते.

"म्हणजे..." हसूना म्हणाला.

"थांब, हसूना. मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"बरोबर असण्याची."

स्कंदरच्या डोक्यात ते आपोआप फिरू लागलं. नायरा कानोतच राहतील, फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातील. दिनार बेनगाझीतच राहतील, कपाटातून निघून दोन दुकानं पलीकडे. सरहद्द ओलांडणार ती बाजरी, ती घोंगडी, ती मकरोना. आणि नियामेहून मार्सेयला फ्रँक, लोकरवाल्याच्या नावे. आणि मार्सेयहून ट्युनिसला लोकर. एकही नोट आपलं गाव सोडणार नाही, आणि तरीही... तीन लाकडी डोकी एकमेकांकडे न बघता रांगेत बसली होती. ती अशी शेजारी शेजारी याआधी कधी ठेवली गेली नव्हती. दुकानात प्रत्येकाची फळी वेगळी.

"अम्मती," तो म्हणाला, "तुला हे माहीत होतं?"

"नाही रे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबांनी मला शिकवलं, प्रत्येक पैसा आपापल्या पाण्यात. मी कधी दोन पाणी जोडून बघितलीच नाहीत. मला वाटायचं, झिंदर कानोची गल्ली. तुझ्या खोक्याने ते मोडलं."

"हे असं करता येत नाही," हसूना एकदम म्हणाला. "बँकेला न विचारता परदेशात पैसा फिरवला म्हणून बाब सुवीकाचा तो कापडवाला आत गेला. विसरलात? मी या वयात तुरुंगात मुलूखिया खाणार नाही."

"न विचारता नाही, बाबा." स्कंदर उठून उभा राहिला. लिऑनला घालवलेली चार वर्षं पहिल्यांदाच त्याच्या उपयोगी पडत होती, आणि याचंच त्याला आश्चर्य वाटलं. "मालाच्या बदल्यात मालाची भरपाई. मध्यवर्ती बँक परवानगी देते. आधी मागावी लागते, तिन्ही गिऱ्हाइकांची संमती जोडावी लागते, आणि लोकर खरंच बंदरात उतरलेली दाखवावी लागते. मी करतो. उद्या सकाळी पहिला मी त्यांच्या दारात."

"मिळेल?"

"आपण लपवत काहीच नाही, बाबा. लोकर मागतोय."

हसूनाने मुलाकडे बघितलं, मग बहिणीकडे. एका तासापूर्वी दोघं एकमेकांचा गळा धरून होती. आता एकाच बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बाजूला झुबैदाही सरकली होती, हातात तो हिरवा डाग पडलेल्या चादरीचा कोपरा.

"भाव?" अलहाजने शांतपणे विचारलं. "नायरा मी कोणत्या भावाने घ्यायचे?"

"बाजारात आहे त्या."

"आजच्या?"

"आजच्या."

"तुमचं खूप जाईल, लल्ला."

"आटला तो आटला," महर्झिया म्हणाली. "आटलेल्या टोपीला ओढून कुणी मोठं केलंय? दिनाराचा भाव मात्र मी सांगणार. तो आटलेला नाही आणि तुमचे ट्रक अर्धे रिकामे येतायत."

अलहाजने दात नसलेल्या जागेतून शीळ घातली. "मेलेल्याशीही घासाघीस!"

"मेलेल्याशी नाही. उंबऱ्यावर तुम्ही जिवंत झालात, तेव्हापासून धरलंय मी."

दिनार, तिकडचा

नूरी वेळेवर आला. बाहेर गल्लीतच हसूनाने त्याला गाठलं, कारण घरात नेलं असतं तर कॉफी द्यावी लागली असती आणि कॉफीनंतर नाही म्हणता येत नाही.

"हसूनासाहेब, बयाणा आणलाय." नूरीच्या अंगाला वेलचीचा वास होता. "शिवाय फळ्या मी तशाच ठेवणार आहे. त्या लाकडी डोक्यांसकट! पर्यटकांना फार आवडतील. प्रत्येकावर दिवा लावतो."

हसूनाने त्याच्या खांद्यावरून गल्लीकडे पाहिलं. मशिदीतून माणसं बाहेर पडत होती. त्यांतल्या दोघातिघांच्या डोक्यावर लाल टोपी होती, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की या गावातही सगळ्यांची डोकी एकसारखी नाहीत.

"जागा रिकामी नाही, नूरी."

"म्हणजे? शुक्रवारी तर..."

"शुक्रवारी वाटलं होतं."

"कुणी जास्त दिले का?"

"नाही," हसूना म्हणाला. मकरोना सांगावी? घोंगड्या? "एक गिऱ्हाईक जिवंत निघालं," तो अखेर म्हणाला, आणि नूरीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

(अजून ज्याला नाव नाही तो)

अलहाज उठायला तयार नव्हता.

"व्यवहार झाला," तो म्हणाला. "पण मी अजून मेलेलाच आहे. माझा साचा असाच फळीवर कसा जाईल? माझ्या मुलाने काळा दोरा बांधलेला नाही. तो बांधणार नाही. मी बांधू दिला नाही."

महर्झियाने साच्यावर हात ठेवला. असं कधी झालंच नव्हतं. मेलेल्याचा साचा परत जातो, वारसाचा परत येतो. जिवंत माणसाचा साचा परत आला तर काय करायचं, याचा रिवाज नव्हता.

"मी चढवतो एक टोपी," स्कंदर म्हणाला.

"तुला येतं?"

"नाही. तू सांग."

तिन्ही साचे घेऊन सगळे दुकानात गेले. हसूनाने कुलूप काढलं. सूक, टोप्यांचा बाजार, रविवारी रिकामा असतो, छपराच्या भोकांतून ऊन खाली येऊन दगडांवर गोल गोल पडतं. झुबैदाही आली. लग्नानंतर ती या दुकानात किती वेळा आली असेल, बोटांवर मोजता येईल. गेल्या मोसमातली एक टोपी शिल्लक होती, रंगवलेली, अजून बसवायची राहिलेली. महर्झियाने ती पाण्यात बुडवून पिळली आणि भाच्याकडे दिली.

"ओढ. भिऊ नको. कानाशी दाब. नाही, बोटांनी नाही, तळहाताने. तिथे त्यांचं डोकं आत गेलंय, दिसतंय ना?"

"बाळंतपणातच दाबलं होतं," अलहाज म्हणाला. "माझं, माझ्या वडिलांचं, सगळ्यांचं. आमच्या घराण्याचं डोकंच तसं."

स्कंदरने लव उठवायचं काटेरी बोंड घेतलं आणि टोपीवर एका दिशेने फिरवू लागला. लव उभी राहिली, मग बसली, मखमलीसारखी. त्याचे हात लाल झाले. तो जसजसा फिरवत होता तसतसं टोपीखालचं डोकं वर येत होतं, एका माणसाचं, ज्याला त्याने जानेवारीत एका ओळीत खोडलं होतं. तो माणूस बाजूला उभा राहून श्वास घेत होता. स्कंदरला वाटलं, मी आता थांबलो तर हाही थांबेल. म्हणून तो थांबला नाही.

"पुरे," महर्झिया म्हणाली. "पुरे, वलदी, पोरा. बसली."

वाळायला वेळ होता. पण अलहाजने जुनी टोपी काढली, ती नीट घडी करून खिशात ठेवली, आणि ओली टोपी साच्यावरून उचलून डोक्यावर घेतली. पाण्याचा एक लाल ओघळ कपाळावरून भुवईत गेला. तो पुसायचं त्याच्या मनात आलं नाही. झुबैदाने पुसला, स्वतःच्या ओढणीने.

"घट्ट होतेय?" महर्झियाने विचारलं.

"नाही." त्याने टोपीची कड कानाशी चाचपली. "माझ्या वडिलांनी पहिली मागणी केली तेव्हा मी पोटात होतो. त्यांनी म्हणे फक्त 'झिंदर' एवढंच लिहिलं होतं. माप पाठवलं नव्हतं. टोपी आली ती बरोबर बसली. त्यांना वाटलं, तुमच्याकडे जादू आहे."

"आमच्याकडे पैसे आल्याशिवाय साचा कोरत नाहीत," महर्झिया म्हणाली. "मागणी आली असेल, मग पैसे, मग साचा. कुणीतरी माप सांगितलं असेल."

"असेल."

तिने मोकळा साचा उचलला, ओला होता म्हणून उलटा केला आणि कानो नि बेनगाझीच्या मध्ये, एकाच फळीवर, तोंड खाली करून वाळत ठेवला. बुडाला साल कोरलेलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. त्यात काजळी बसली होती, आणि बाहेर निघायची घाई होती, कारण झुबैदा म्हणत होती की मुलूखिया गार झाली की तिचं पुन्हा पान होतं.

लोकर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ला गुलेत बंदरात उतरली.

झिंदरहून पहिली मागणी १९२७ साली आली. झिंदरच्या साच्याच्या बुडाला कोरलेलं साल १९१९ आहे.